चार चौकोनांचं गाणं

गेल्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत मी एक वाईट काम केलं. ते करताना तोंडातून खोटा शब्द काढावा लागला नाही; खोटे शब्द नंतर आले. एक अर्ज भरायचा होता. त्यात चार चौकोन होते. दोनांत खूण करायची होती, मी चारांत केली. आजवर माझ्या हातून गावाचे किती अर्ज गेले याची गणती नाही, आणि त्यांत चुकाही झाल्या. कुणाच्या नावाची वेलांटी बदलली, कुणी एका वर्षाने उशिरा जन्मलं. त्या चुका होत्या. ही चूक नव्हती. तरी मी तिला वर्षभर चूकच म्हणत राहिलो, आणि ते माझं दुसरं वाईट काम.

यंदा पुन्हा बोंडं फुटली आहेत. दुकान बंद करून आर्णीहून गावाकडे निघालो, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन निघून गेल्यावर उघडी पडलेली वावरं, मध्येच तुरीच्या तासांचा, म्हणजे ओळींचा, पिवळा फुलोरा, आणि त्यापलीकडे कापूस, कुणी वावरभर मुरमुरे सांडून ठेवावेत तसा. पानांचा कडवट, फवारणीची आठवण ठेवलेला वास नाकात येतो आणि माझ्या गाडीचा वेग आपोआप कमी होतो. घरी लवकर पोचावंसं वाटत नाही. कारण गावाच्या वेशीवरचं पहिलं घर देवीदासचं.

देवीदास आणि मी एका वर्गातले. त्याचा गळा आणि माझी पेटी चौथीपासून सोबत आहेत. शाळेच्या झेंडावंदनापासून भजनी मंडळापर्यंत आम्ही कुठेही गेलो, तरी लोक म्हणायचे, "देवीदास आला." मी सोबत असायचोच, पण "देवीदास आला" यात मी धरलेला असायचो, जसं बैलगाडी आली म्हटल्यावर वंगणाचं नळकांडं आलंच. एकदा घाटंजीला एका लग्नात नवरीच्या मामाने सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "हे देवीदासभाऊचे पेटीवाले." मी हसलो. तिथे पंगतीत बसून जेवलो, जिलबी दोनदा घेतली. पण ते वाक्य मला आज पंचवीस वर्षांनंतरही त्या मामाच्या आवाजासकट पाठ आहे.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावरात फुटलेल्या झाडापाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा दहीभात झाडांवर शिंपडायचा आणि मग वेचायला हात लावायचा. हे सगळीकडे आहे. आमच्या गावात त्याला एक शेपूट आहे. पूजा झाली की कुणीतरी गाणं उचलायचं, बायांनी ते मागे धरायचं, आणि ज्याने गाणं उचललं त्याच्या ओट्यात, म्हणजे पुढे पसरलेल्या दुपट्ट्यात, पहिल्या वेचणीतला पहिला मूठभर कापूस टाकायचा. तो कापूस मग घरी देवापुढच्या वातींना जातो. एवढीच त्याची किंमत. तो कित्येक वर्षं देवीदासच्या दुपट्ट्यात पडत आला आणि मी पेटीचा भाता हलवत ते पाहत आलो. घरी आल्यावर शोभा, माझी बायको, आमच्या देवापुढच्या वाती वळायची. त्या दुकानातून आणलेल्या कापसाच्या असत.

मूठभर कापसासाठी माणूस इतका जळू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आता हसत नाही.

मग देवीदासचा गळा गेला. आम्ही दोघेही खर्रा खायचो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला, आणि बहुतेक वेळा पन्नी एकच, अर्धी त्याची, अर्धी माझी. त्याला गळ्याचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी नागपूरला त्याची स्वरपेटी काढली. मला काहीच झालं नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी उभा राहून मी रडलो, ते रडणं खरं होतं. पण रडता रडता मनात एका जागी थोडं थंड वाटलं, उन्हातून आल्यावर माठाच्या खालच्या ओल्या वाळूत पाय ठेवावा तसं. त्या थंडाव्याला मी तेव्हा नाव दिलं नाही. आता देतो. मला हायसं वाटलं होतं.

ऑपरेशननंतरच्या सीतादहीला गाणं मी उचललं. माझा आवाज वाईट नाही. बायांनी नीट धरलंही. कापूस वेचणाऱ्या टोळीची मुकादम सुगंधाबाई, हिने माझ्या दुपट्ट्यात पहिली मूठ टाकली आणि म्हणाली, "घ्या मनोहरभाऊ, आता तुम्हीच." त्या "आता"ने माझ्या आनंदाला टाचणी लागली. देवीदास धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता, गळ्याच्या भोकावर रुमाल बांधून. त्याने माझ्याकडे पाहून टाळी वाजवल्याची खूण केली. पोरांची ती पुसता येणारी पाटी त्याने तेव्हापासून खिशात ठेवली होती. तिच्यावर लिहिलं, "मधात बेसूर झालता बे." आणि खो खो हसला, म्हणजे खांदे हलवले.

गेल्या वर्षीचा हंगाम मात्र वेगळाच उगवला.

देवीदासची मुलगी पल्लवी यवतमाळला नर्सिंग शिकते. सीतादहीच्या दिवशी ती एक छोटा स्पीकर घेऊन वावरात आली. पूजा झाली, दहीभात शिंपडून झाला, मी खाकरून गळा साफ केला, आणि तिने स्पीकर सुरू केला. आधी ढोलकी वाजली. मग आवाज आला.

बोंडाबोंडात चांद फुटला, वेच वो बाई हळू,
एका बोटाले काटा रुतला, दुसऱ्याले नको कळू.

देवीदासचा आवाज होता. आजारी पडण्याआधीचाही नाही, त्याच्याही आधीचा. लग्न नुकतं झालेल्या, दारव्ह्याच्या बाजारात उधळलेल्या गोऱ्ह्याला हाक मारून थांबवणाऱ्या देवीदासचा. पल्लवीने भजनांच्या जुन्या कॅसेटी आणि मोबाइलमधली रेकॉर्डिंगं एआयला ऐकवून त्यातून बापाचा आवाज उभा केला होता. शब्द आणि चाल देवीदासचीच होती, आजारपणाच्या दोन वर्षं आधी त्याने केलेली, मंडळात कधी बसवायची राहून गेलेली. बाया वेचायच्या थांबल्या. सुगंधाबाईने पदर तोंडाला लावला. मग ती चालत धुऱ्यापर्यंत गेली आणि पहिली मूठ देवीदासच्या मांडीवर ठेवली.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी साध्या शब्दांत लिहितो, नाहीतर हा सगळा लेख पुन्हा एक खोटा अर्ज होईल. मला वाटलं, याचा आवाज मेला, तरी माझ्या जिवंत आवाजापेक्षा चांगला आहे. माझा आवाज म्हातारा होत चालला आणि याचा तरुण होऊन परत आला. आता हा कधीच बेसूर होणार नाही. मरेल तेव्हाही नाही.

आणखी एक क्षुद्र गोष्ट. त्या चालीत कडव्याच्या शेवटी, "नको कळू" म्हणताना, सूर एक पायरी उतरून कोमल निषादावर टेकतो. तो निषाद मी सुचवला होता. त्याच्या आजारपणाआधी घाटंजीच्या एका भजनाहून परत येताना गाडी पंक्चर झाली, आम्ही बाभळीखाली बसलो होतो, देवीदास गुणगुणत होता आणि मी म्हटलं, "इथे जरा उतर ना." तो उतरला. "वा बे मन्या!" म्हणाला. घरी येऊन मी ती चाल माझ्या सरगमच्या वहीत उतरवली आणि वर लिहिलं: शब्द व चाल, देवीदास. स्वतःच्याच हाताने. माझ्या एका सुराचा उल्लेख मी स्वतःही केला नव्हता, आणि आता इतरांनी का केला नाही म्हणून मनात धुमसत होतो.

चार दिवसांनी पल्लवी बापाला घेऊन माझ्या दुकानात आली. आर्णीच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं. गावात एक समज आहे की मनोहरभाऊच्या हातचा अर्ज वापस येत नाही. पल्लवीला माझ्याहून जास्त कळतं, तिने तो अर्ज बसल्या जागी मोबाइलवर भरला असता. पण तिच्या जन्माच्या दाखल्यापासून नर्सिंगच्या प्रवेशापर्यंत सगळे अर्ज माझ्या हातचे. म्हणाली, "काका, गाणं ऑनलाइन टाकाचं आहे, जगभर ऐकू येईन असं. पण अर्ज तुम्हीच भरा. बाबा म्हणते, मन्याच्याच हाताने पाहिजे."

गाणी जगभर पोचवणाऱ्या त्या कंपनीच्या अटी मी मोठ्याने वाचून दाखवल्या. अटी चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. एआयने काय केलं आणि माणसाने काय केलं ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून चार चौकोन: शब्द, चाल, वाद्यं, आवाज. जे मशीनने केलं त्यातच खूण करायची. आवाज कुणा खऱ्या माणसाचा असेल, तर त्याची लेखी परवानगी जोडायची. गाणं सगळंच मशीनचं असेल तर त्यावर कुणाला कवी किंवा संगीतकार म्हणून नाव लावता येणार नाही. ऐकताना मला वाटलं, कुणीतरी दूर बसून विचार करून लिहिलंय. कुणाचा गळा चोरीला जाऊ नये, कुणी दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव टाकू नये. या नियमांनी सगळे चोर धरले होते. फक्त अर्ज भरणारा सुटला होता.

परवानगीचा कागद देवीदाससमोर ठेवला, तेव्हा त्याने आधी पाटी काढली. "माह्या आवाजाची परवानगी मीच मले देतो. नाई देली तं?"

"तर मग मशीनवर केस कर," मी म्हटलं.

त्याचे खांदे हलले. मग त्याने फार जपून, शाळेत सही शिकवतात तशी, पूर्ण नावाची सही केली. पल्लवीने मला वहीचं एक पान दिलं. त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: शब्द बाबांचे, चाल बाबांची, वाद्यं एआय, आवाज एआय, बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून. "मी बाबांले चहा पाजून आणतो, काका, तोवर होईन ना?"

ती दोघं समोरच्या टपरीवर गेली. काचेतून दिसत होती. तो बशीतून चहा पीत होता, थेंब गळ्याच्या रुमालावर पडला, तो तिने पुसला. मी वाद्यांच्या चौकोनात खूण केली. आवाजाच्या केली. मग हात थांबला. थांबला, हे मी मुद्दाम लिहितो आहे. वहीचं पान डाव्या हाताला उघडं होतं. मी चालीच्या चौकोनात खूण केली. आणि त्या हाताला जणू सवयच लागली, शब्दांच्याही केली. अर्ज पाठवला.

पल्लवी आल्यावर म्हणालो, "झालं. सगळं खरं खरं भरलं."

गाणं दिवाळीनंतर आलं आणि पसरलं. कापूस घेऊन जाणाऱ्या गाड्यांवर वाजलं, वेचणाऱ्या बायांच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलवर वाजलं. पण गाण्याखाली ओळ होती: हे गाणं संपूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं आहे. कवी नाही, संगीतकार नाही. गावात आधी लोक म्हणायचे, देवीदासचं गाणं. महिन्याभरात म्हणू लागले, ते मशीनचं गाणं. पल्लवी सांगत राहिली, पण लोक गाण्याखालची ओळ दाखवायचे. पारावर एकाने मला विचारलं, "काहो, म्हणजे देवीदासनं काहीच नाई केलं?" मी म्हटलं, "आता नियमात जे आहे ते आहे." या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं आहे.

दारव्ह्याकडच्या एका डीजेवाल्याने त्याच्यावर दणक्याचा ठेका चढवला आणि स्वतःचं नाव लावलं. पल्लवीने तक्रार केली. उत्तर आलं की मूळ गाण्यावर कुणा माणसाचा हक्क नोंदलेला नाही, आणि दुरुस्ती हवी असेल तर ज्या खात्यावरून अर्ज भरला तिथूनच करावी लागेल. खातं माझ्या दुकानाचं. ती आली. तिला वाटत होतं की कंपनीच्या मशीनचीच गफलत झाली. "काका, तुमच्याकडून तं बरोबरच गेलता ना अर्ज?"

"सर्व्हर डाऊन आहे," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यातही सर्व्हर डाऊन होता. संक्रांतीला तिळगूळ द्यायला घरी आली तेव्हाही होता. शोभा आतून ऐकत होती. पोरगी गेल्यावर तिने एवढंच म्हटलं, "पाहा बाप्पा, आपल्याच दुकानात सर्व्हर इतका पडते. बाजूच्याच्या इथे तं चालू आहे."

तिला काय माहीत होतं, किती माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. मी अजूनही खर्रा खायचो, पण त्या दिवसापासून तिने त्याचा विषय काढणं बंद केलं. आधी रोज भांडायची. आता गप्प राहायची, आणि मला तीच शिक्षा वाटायची.

वेचण्या संपल्या, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून तिचे ढीग वावराच्या कडेला लागले. एका दुपारी मी देवीदासकडे गेलो. का गेलो सांगता येत नाही. जखमेची खपली पाहायला माणूस जातो तसा. तो ओसरीवर बसला होता, मोबाइल कानाला लावून आपलंच गाणं ऐकत होता. मला पाहून सरकून जागा केली. बराच वेळ आम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या बकऱ्या पाहिल्या. मग त्याने पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि माझ्याकडे केली.

"मन्या, खरंच मशीननच केली असन का रे चाल? औषधाईनं मले काही आठवत नाई आता."

मी ते वाचलं. मला बाभूळ आठवली, पंक्चर झालेलं चाक, त्याच्या पायाच्या अंगठ्याने धुळीत धरलेला ठेका. त्या दुपारचा जगात एकच साक्षीदार होता आणि तो त्याच्या शेजारी बसला होता. नाव मी काढून घेतलं होतं हे मला ठाऊक होतं. पण नाव गेलं म्हणजे चाल त्याच्या आतून निघून जाईल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आवाज रोगाने नेला. उरलेलं मी नेत होतो.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "असं कसं होईल?" आणि चहा न घेता उठलो. कबुली द्यायला एक वाक्य पुरतं, पण ते वाक्य जिभेवर यायला उन्हाळा गेला, पेरण्या गेल्या, डवरे चालले, पोळा झाला. दिवसभर मी दुसऱ्यांच्या अर्जांवर वाचत होतो, "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे," आणि खाली लोकांचे अंगठे घेत होतो.

हेवा कमी झाला का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही. आजही ते गाणं कानावर आलं की पहिल्या ओळीला मी जळतो. फक्त आता दुसऱ्या ओळीला थांबतो. एका बोटाले काटा रुतला, दुसऱ्याले नको कळू. वेचताना वाळक्या बोंडाची टोकं बोटांत शिरतात, बायांची बोटं संध्याकाळी सुजतात, त्यावर त्याने लिहिलेलं. मी आणि तो एका हाताची बोटं होतो असं लोक म्हणत. काटा मीच झालो होतो.

परवा यंदाची सीतादही झाली. त्या सकाळी वावरात जाण्याआधी मी दुकान उघडलं. सर्व्हर चालू होता. दुरुस्तीचा अर्ज भरला, दोन चौकोनांतल्या खुणा काढल्या, कारणाच्या रकान्यात लिहिलं, "अर्ज भरणाऱ्याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली." सोबत सरगमच्या वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला. कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे. डीजेवाल्याचा दणका अजून वाजतोच आहे.

वावरात पूजा झाली. दहीभात शिंपडून झाला. देवीदास आला होता, पण गेल्या वर्षीसारखा जवळच्या धुऱ्यावर नाही, पार मागे, पऱ्हाटीच्या तासाच्या टोकाला बसला होता. पल्लवीने स्पीकर आणला नव्हता. सुगंधाबाई म्हणाली, "उचला मनोहरभाऊ, मशीनचं नको यंदा. जित्या माणसाचं होऊ द्या." बाया हसल्या.

मी उचललं. बोंडाबोंडात चांद फुटला. पेटी नव्हती, माझा आवाज उघडा होता आणि निषादावर उतरताना थोडा फाटला. बायांनी धरलं. संपल्यावर सुगंधाबाई ओली, थंड, सरकीसकट एक मूठ घेऊन माझ्याकडे आली. मी दुपट्टा पसरला नाही.

"मले नको," मी म्हटलं. माझं लिहिणं पुस्तकी असतं, पण तेव्हा तोंडातून आईची भाषा आली. "ज्याचं गाणं त्याले द्या."

"गाणं तं मशीनचं ना वो?"

"नाई." मी तासातून चालत गेलो. पऱ्हाटी गुडघ्यांना लागत होती. देवीदास माझ्याकडे पाहत होता, हात पाटीकडे गेला होता. मी त्याच्यासमोर खाली मातीत बसलो, म्हणजे त्याला मान वर करावी लागू नये. मान वर केली की त्याचा गळा ओढला जातो. मागून बाया आल्या, पल्लवी आली. त्यांनीही ऐकावं असंच मला वाटत होतं.

"देव्या, चाल तुही आहे. घाटंजीच्या रस्त्यावर बाभळीखाली केलती तू, मी होतो तिथं. शब्दही तुहेच आहे. पल्लवीनं मले बरोबर लिहून देलतं. मशीनची गफलत नाई झाली, कंपनीची नाई झाली. चारही चौकोनात मीच खूण केली, पाहून-समजून केली. तुह्या ओट्यातला कापूस मले पाहवत नव्हता. लहानपणापासून पाहवत नव्हता. तुहा आवाज गेला तेव्हा मले बरं वाटलं, आन् तो वापस आला तं सहन नाई झालं. तू मले विचारलं तेव्हाही मी बोललो नाई. माह्याकडून लय वाईट झालं, देव्या. मले माफ कर."